निकमकाकांचं बारावं चर्च

निकमकाका कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी तिच्या भिंतीला हात लावत. देवळाच्या पायरीला लावतात तसा नव्हे. बैलबाजारातलं गिऱ्हाईक जनावराच्या पाठीवर थाप मारून बघतं ना, तसा. एकदा माझ्या व्हिसाची मुदत वाढवायला ते माझ्याबरोबर जर्मनीतल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत आले होते. कागदांची जाड फाईल छातीशी धरून मी घामाघूम, आणि हे दाराबाहेर भिंत चाचपत उभे. मी म्हटलं, "काका, आपला नंबर लागेल." तर म्हणाले, "थांब रे. गिलावा दोनदा झालाय. पहिला करणारा गडी बरा होता." आतल्या बाईंनी कुठलासा कागद कमी आहे म्हणून माझा अर्ज परत केला. बाहेर येऊन मी तोंड पाडून उभा राहिलो, तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "खरवडू की!"

‘खरवडू की’ हे त्यांचं सगळ्या संकटांवरचं उत्तर होतं. तरुणपणी ते साताऱ्याला बांधकाम खात्यात ट्रेसर होते. साहेबाच्या पेन्सिलीच्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची, हे ट्रेसरचं काम. चूक झाली तर रबर चालत नसे. दाढीचं पातं घेऊन शाई हलक्या हातानं खरवडायची, ती जागा नखानं घोटायची आणि पुन्हा रेघ मारायची. साठच्या दशकात बोटीनं जर्मनीत येऊन त्यांनी डार्मश्टाटच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तीसेक वर्षं हेच काम केलं. त्यामुळे आयुष्यातली कुठलीही गोष्ट खरवडून दुरुस्त होते, अशी त्यांची समजूत झाली होती. माझी ओळख झाल्यावर त्या समजुतीवर बराच ताण पडला.

ती ओळखही माझ्याच एका चुकीतून झाली. २००३ च्या ऑक्टोबरात मी पुण्याहून डार्मश्टाटला आलो, काँक्रीटला तडे का जातात या विषयावर डॉक्टरेट करायला. (तडे जातात, एवढं नक्की सांगायला मला पाच वर्षं लागली.) पहिल्याच रविवारी खोली साफ केली आणि आधीच्या भाडेकरूच्या रिकाम्या बाटल्यांच्या दोन पिशव्या घेऊन कोपऱ्यावरच्या काच गोळा करायच्या पेटीपाशी गेलो. हिरव्या बाटल्या हिरव्या भोकात, पांढऱ्या पांढऱ्या भोकात. आपण किती लवकर जर्मन झालो, याचं कौतुक करत मी एकेक बाटली धाडकन आत सोडत होतो. एक हातातून निसटून पायाशी फुटली आणि तोंडातून "आयला!" निघालं.

समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खणखणीत आवाज आला, "ओ आयला! रविवारी बाटल्या टाकत नाहीत इथं! अख्खी गल्ली झोपलीय!"

मी वर पाहिलं. पांढरे दाट केस, कानामागे पेन्सिल, अंगात बंडी.

"कुठले?"

"पुण्याचा."

"आणि पेटीवरची पाटी वाचली नाहीत? पुणेकर असून?"

मी पाटी शोधू लागलो. ती माझ्या नाकासमोर होती. तेवढ्यात त्यांच्या मागून एक उंच, गोऱ्यापान, रुपेरी केसांच्या बाई डोकावल्या आणि शुद्ध सातारी मराठीत म्हणाल्या, "अवो, आधी वर बोलवा त्या पोराला. जेवलंय का न्हाई, कुणास ठाऊक."

मला वाटलं, बाटल्यांच्या तळाशी उरलेल्या दारूचा वास मला चढला.

त्या एल्फ्रिडे ऊर्फ एल्फीकाकू. जन्म ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या खेड्यात. निकमकाकांच्या आई एका वर्षी कोरेगावाकडून इथे आल्या आणि सहा महिने राहिल्या. त्यांना जर्मन येणं शक्यच नव्हतं, म्हणून सुनेनं मराठी शिकून घेतली. तीही सासूच्या तोंडची, जशीच्या तशी. मध्ये मध्ये ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, आणि ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, एवढीच माहेरची खूण. माझ्या आईशी फोनवर पहिल्यांदा बोलताना त्या म्हणाल्या, "काळजी करू नगा. पोरगं खातंय-पितंय, गेनाऊ." आईनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "त्या कोणत्या गावच्या रे? आडनाव विचारलंस का?"

त्या घरात शिरताच समोर भिंतीवर एका फ्रेममध्ये दाढीवाला, टोपीतला गोरा माणूस होता. चांगली सुरुवात करावी म्हणून मी हात जोडून म्हटलं, "काकूंचे वडील का?"

निकमकाका खो खो हसले. "हा? हा आमचा एमिल!"

एमिल व्होक्लेर. फ्रेंच माणूस, आर्किटेक्ट, मरून जमाना झालेला. त्याच्याविषयी निकमकाका असं एकेरीत बोलत, जसा तो शेजारच्या आळीत राहतो आणि काल संध्याकाळीच काहीतरी गाढवपणा करून गेलाय. त्याच्या फोटोभोवती अकरा चर्चचे फोटो लावलेले होते. सगळी कोरोमंडलच्या किनाऱ्यावरची, पाँडिचेरीच्या आसपासची, फ्रेंचांच्या राज्यातली. बाराव्या फोटोची जागा रिकामी होती. तिथं नुसता खिळा होता.

पुढच्या दोन वर्षांत एमिलचं सगळं करिअर मी त्या सोफ्यावर बसून, थालीपीठ खात ऐकलं. एमिल फ्रान्सच्या सीमेवरच्या आल्सासमधला. तो पोरसवदा असताना त्याचा मुलूख जर्मनांनी घेतला. जर्मन पलटणीत जावं लागू नये म्हणून तो जो पळाला तो थेट बोटीनं पाँडिचेरीला. "मी पोटासाठी तिकडून इकडं आलो, तो जर्मनांच्या भीतीनं इकडून तिकडं गेला," काका म्हणत. "वाटेत कुठंतरी आम्ही एकमेकांना ओलांडलं असणार. मधली शंभर वर्षं सोड."

तिथं तो सरकारी बांधकाम खात्यात कारकून झाला. गटारं काढली, मोऱ्या काढल्या. मग एक दीपस्तंभ बांधला, तो वर्षभरात कलला. खात्यानं हाकलला, तेव्हा एका मिशनरी पाद्र्यानं त्याला चर्च बांधायला दिलं.

"आणि ह्या शहाण्यानं काय करावं?" काका माझ्या गुडघ्यावर चापट मारत. "आपल्या गावच्या चर्चसारखं उंच, उतरतं छप्पर केलं. का? तर बर्फ घसरून पडावं म्हणून! कोरोमंडलला! बर्फ!"

"मग?"

"मग वादळ आलं. छप्पर शेजारच्या भातखाचरात. दुसऱ्या चर्चला भिऊन त्यानं एवढ्या जाड भिंती आणि एवढ्याशा खिडक्या केल्या, की पहिल्याच रविवारी पाद्री घेरी येऊन पडला. एमिल गाढव होता. पण शिकणारं गाढव होता. तुमच्यासारखं नाही."

तिसऱ्या चर्चपासून तो तिथल्या गवंड्यांचं ऐकायला लागला. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून गिलावा घोटायचा, समुद्राच्या बाजूला भिंत कापून वारा आत घ्यायचा, घंटेचा मनोरा वाऱ्याला आडवा उभा करायचा नाही. चर्चमागून चर्च त्याच्या खिडक्या खाली येत गेल्या आणि भिंती हलक्या होत गेल्या. निकमकाका फोटोंवरून बोट फिरवत हे दाखवायचे, तेव्हा एखाद्या आडमुठ्या मुलाचं प्रगतिपुस्तक वाचल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

बारावं चर्च कोळ्यांच्या एका वस्तीतलं. काकांच्या मते ते एमिलचं सगळ्यात चांगलं काम. आत उभं राहिलं तर वाऱ्यावर कपडे फडफडतात, असं. पण पुस्तकांतून ते पॅरिसच्या एका बड्या आर्किटेक्टच्या नावावर होतं, ज्यानं त्या किनाऱ्यावर कधी पाय ठेवला नव्हता. एमिल त्या बांधकामावरच तापानं गेला. बोलणार कोण?

बोलणारी एकच वस्तू होती आणि ती निकमकाकांकडे होती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या ऑफिसनं एका जुन्या मठाची दुरुस्ती घेतली होती. तिथल्या पोटमाळ्यावरचा कचरा खाली कंटेनरमध्ये टाकत होते, त्यात काकांना गुंडाळी दिसली. एमिलच्या बहिणीचा मुलगा त्या मठात पाद्री होता, हे पुढे कळलं. गुंडाळीत ट्रेसिंगच्या कापडावर काढलेला बाराव्या चर्चचा उभा छेद होता. उजव्या कोपऱ्यात ‘E. V.’, आणि खिडक्यांपाशी एमिलच्या हातची दुरुस्ती, चौकटींचे तळ एक वीत खाली घ्या म्हणून. काका ती गुंडाळी कोटात लपवून ट्राममधून घरी घेऊन आले आणि त्या दिवसापासून एमिल घरचा झाला.

अंड्यांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काकांना तो गिलावा करून बघायचा होता, स्वतःच्या बाल्कनीच्या भिंतीवर. पाच डझन अंडी आणली. पांढरं आणि पिवळं वेगळं करायचं काम इंजिनिअर म्हणून मला दिलं. मी पहिली दहा-बारा नीट फोडली, मग काकूंशी गप्पांत रमलो आणि एक अख्खं भांडं पिवळ्यासकट चुन्यात ओतलं. काका डोळे मिटून गुळगुळीत गोट्यानं भिंत घोटत होते. डोळे उघडले तर भिंतीच्या मधोमध आम्लेटच्या रंगाचा डाग.

"हे काय रं?"

"काका... बहुतेक माझी अंडी."

"बहुतेक!" त्यांनी काकूंकडे पाहिलं. "काँक्रीटचा डॉक्टर व्हायला आलाय म्हणे. ह्याच्या पुलाखालून मी जायचो नाही."

काकूंनी उरलेल्या पिवळ्या बलकांचं आयरलिक्योर केलं. ही इथली दारू, अंड्याची, श्रीखंडासारखी दाट. वास येतो म्हणून तक्रार करायला आलेल्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांनी दारातच दोन पेले पाजले. आजोबा तक्रार विसरून जिना उतरले आणि दुसऱ्या दिवशी विचारायला आले, पुढचा गिलावा कधी आहे. डाग शेवटपर्यंत तसाच राहिला. पण बाकीची भिंत अशी झाली होती, की तिच्यात तोंड पाहून काका दाढी करत.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला आजही जड जातं, म्हणूनच इतकी अंडी फोडली.

२००५ च्या वसंतात विद्यापीठातल्या स्थापत्य-इतिहासाच्या प्रोफेसरबाईंनी काकांचा लेख त्यांच्या वार्षिक ग्रंथात घ्यायचं कबूल केलं. एमिल व्होक्लेरचं सगळं करिअर, पहिल्यांदाच छापील. ना पदवी, ना डॉक्टरेट, अशा निवृत्त ट्रेसरचा लेख म्हणजे लहान गोष्ट नव्हे. बाईंची अट एकच होती. बारावं चर्च एमिलच्या नावावर मांडायचं, तर मूळ नकाशा बघायला हवा आणि मोठ्या यंत्रावर स्कॅन करायला हवा. काकांकडे त्याचा एक जुना फोटो होता, पण त्यात कोपऱ्यातली अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी दिसत. सोमवारी सकाळची वेळ ठरली.

आणि काकांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. शुक्रवारी त्यांनी मला बोलावून गुंडाळी हातात दिली.

"तू तिथंच काम करतोस. सोमवारी नीट नेऊन दे. आणि उघडू नकोस."

"अहो काका, मी काय लहान आहे का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या, "म्हणूनच भ्याव वाटतंय."

मी वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचो. आमचं सामायिक स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं, की टेबलावर बसून शेगडीवरचं भांडं ढवळता यायचं. खोलीवर आल्यावर मला एक कल्पना सुचली. माझ्या सगळ्या संकटांची सुरुवात इथूनच होते. मी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. म्हटलं, आपणच या नकाशाचे झकास फोटो काढावेत आणि काकांना चकित करावं. स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, कोरडं केलं, गुंडाळी पसरली, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. सुंदर दिसत होता तो नकाशा. काचेसारखा निळसर, ताठ, आणि त्यावर केसासारख्या रेघा. कॅमेरा काढला तर बॅटरी संपलेली. ती चार्जिंगला लावली. म्हटलं, हिरवा दिवा लागेपर्यंत भात फोडणीला टाकावा.

मोहरी तडतडली, मी दचकलो, हळदीचा चमचा उडाला.

डाग लहान होता. पंचवीस पैशांच्या नाण्याएवढा, चर्चच्या बरोबर वेदीवर. एवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण आपल्या घरात हळद सांडली, की पहिला हात नळाकडे जातो. मी फडक्याला साबण लावून डाग पुसला. तो लाल झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही. वेदीवर कुंकू सांडल्यासारखं दिसायला लागलं. मग मी घाबरून ती बाजू नळाखाली धरली.

ट्रेसिंगचं कापड खरोखरच कापड असतं, हे काकांकडून इतकं ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला तो कागदाचा, नाहीतर प्लॅस्टिकचा कुठलासा जुना प्रकार वाटला होता. खरं तर ते तलम सुती कापड; खळ चढवून, घोटून ताठ आणि पारदर्शक केलेलं. शाई बसते ती खळीवर. पाणी लागताच खळ सुटायला लागली. माझ्या हातातला ताठ नकाशा लोळागोळा होत गेला, निळसर काच गढूळ झाली, आणि एमिलचं चर्च, मनोरे, खिडक्या, कोपऱ्यातली दोन अक्षरं, करड्या पाण्याच्या धारेतून सिंकमध्ये उतरलं. दहा मिनिटांत माझ्या हातात पांढरी, मऊ मलमल होती. वेदीच्या जागी फिकट गुलाबी डाग राहिला. तोही नंतर गेला.

त्यानंतर मी जे केलं ते कुठल्याही डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. मी त्याला इस्त्री केली.

शनिवारी सकाळी ती इस्त्रीची घडी घेऊन मी काकांकडे गेलो. सबबींची भाषणं वाटेत पाठ केली होती. दार काकूंनी उघडलं. काका खुर्चीत पाय लांब करून बसले होते. मी घडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती दोन बोटांत धरली. ट्रेसरच्या बोटांना सांगावं लागलं नाही.

"पाणी गरम होतं?" त्यांनी विचारलं.

"कोमट."

"साबण?"

"भांड्यांचा."

बराच वेळ ते कापड उजेडाकडे धरून बघत राहिले. एकही रेघ दिसत नव्हती. मग म्हणाले, "साताऱ्याला रद्द झालेले नकाशे आम्ही घरी न्यायचो. आई उकळून खळ काढायची. माझ्या धाकट्या बहिणीची सगळी झबली धरणांच्या आणि पुलांच्या नकाशांची होती. असलं मऊ कापड बाजारात मिळायचं नाही." एवढं बोलून ते कुबडी घेऊन उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मी वाट बघत होतो. ते ‘खरवडू की’ म्हणाले नाहीत.

काकूंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी ते बाजूला सारलं. "मला शिव्या तरी द्या हो काकू," मी म्हटलं.

"मी कशाला दिऊ? जेव तू. त्यांनी दार लावलंय, गेनाऊ. ह्यांची आई गेल्याची तार आली, तवा लावलं होतं. त्यानंतर आत्ता."

रविवारी सकाळी नऊला माझा फोन वाजला. "ये," काका म्हणाले. "आणि हात धुऊन ये. साबणानं. ते तुला येतं."

घरात गेलो तर टेबलावर मोठा बोर्ड आडवा टाकला होता आणि त्यावर कोरं ट्रेसिंगचं कापड ताणलेलं, तसंच निळसर, काचेसारखं. साताऱ्याहून येताना ट्रंकेत घालून आणलेला तो एकच तुकडा त्यांनी चाळीस वर्षं जपला होता. शेजारी वही होती. तिच्यात त्या नकाशातली एकूण एक रेघ, तिची लांबी, तिची जाडी, वर्षानुवर्षं मोजून लिहून ठेवलेली. माझ्या लक्षात आलं आणि मी आनंदानं जवळजवळ ओरडलो, "काका! कुणाला कळणारही नाही!"

"टी-स्क्वेअरची पट्टी धर," ते म्हणाले. "आणि श्वास तिकडं सोड."

शाई बसावी म्हणून त्यांनी खडूची पूड कापडावर चोळली, झटकली, पेनात शाई भरली आणि पहिली रेघ मारली. मी पुढं पुष्कळ मोठमोठ्या इमारती उभ्या राहताना बघितल्या, पण त्या दिवसासारखं काही बघितलं नाही. दुखरा पाय स्टुलावर, कंबर वाकलेली, सत्तरीचा माणूस. आणि रेघ अशी, की हातातून निघत नव्हती, आधीच कापडात होती आणि हे तिच्यावरून फक्त धूळ पुसत होते. पाया आला. भिंती आल्या. एमिलच्या खाली उतरलेल्या खिडक्या आल्या. काकू कॉफी ठेवून जात, ती गार होई, त्या परत नेत. एकदाच चुकलं. मनोऱ्याची एक कड केसभर जाड झाली. त्यांनी पातं घेऊन ती खरवडली आणि नखानं घोटली. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "असं असतंय ते."

चार वाजता कोपरा तेवढा राहिला. नाव घालायची जागा. त्यांनी पेन भरलं, हात खाली नेला आणि थांबले.

"घाला ना काका," मी म्हटलं. "ई. व्ही. दोन अक्षरं. बारावं चर्च त्याचंच आहे. तुम्हाला माहितेय, मला माहितेय. खोटं काय आहे त्यात?"

"खोटं नाही," ते म्हणाले. पेन तसंच वर धरलेलं. "पण सही त्याची आहे. त्यानं करायला पाहिजे."

"तो मेलाय हो!"

"म्हणून तर."

"अहो पण मग उद्या बाई म्हणतील पुरावा नाही! बारावं चर्च जाईल ना!" माझा आवाज चढला होता. माझ्या चुकीनं गेलेलं त्यांच्या चुकीनं परत यावं, अशी माझी धडपड होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

काका शांतपणे म्हणाले, "मंदार, एमिलनं आयुष्यात कमी घाण केली नाही. दीपस्तंभ कलवला, छप्पर उडवलं, पाद्र्याला भाजून काढलं. पण जे केलं ते स्वतःच्या नावावर. आता मेल्यावर त्याच्या नावावर मी कशाला करू?"

आणि त्यांनी कोपऱ्यात, एमिलच्या ‘E. V.’च्या जागी, बारीक सुबक अक्षरांत जर्मनमध्ये लिहिलं, ‘हरवलेल्या मूळ नकाशावरून’. खाली स्वतःचं नाव. लिहून झाल्यावर पेन ठेवून ते मान तिरकी करून बघत राहिले.

"सरळ आलं का रं?"

"आलं की."

"पहिल्यांदाच लिहिलं, म्हणून विचारलं. ट्रेसरनं नाव घालायचं नसतं. साहेब घालतो."

‘धुतलेल्या मूळ नकाशावरून’ असं लिहिलं असतं तरी ते खरंच होतं. एका शब्दानं त्यांनी माझी अब्रू झाकली, आणि तसं केल्याचं चेहऱ्यावर दाखवलंही नाही.

सोमवारी कुबडीवर ते स्वतः आले. इन्स्टिट्यूटच्या भिंतीला हात लावला आणि आत शिरले. बाईंनी नवा नकाशा बघितला, खालची ओळ वाचली.

"हरवला? कसा?"

"वासरशाडन," काका गंभीरपणे म्हणाले. पाण्यानं नुकसान. जर्मनीत सगळ्यांच्याच तळघरात कधी ना कधी पाणी शिरतं, त्यामुळे बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली. "विमा होता का?"

मला ते सहन होईना. मी उभा राहिलो आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो, "पाणी शिरलं नाही. मी धुतला."

"काय?"

"नकाशा. साबणानं."

बाईंनी चष्मा काढला. "आणि मग?"

"मग इस्त्री केली."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. काका खिडकीतून बाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते.

बाई भल्या होत्या, पण नियम म्हणजे नियम. अकरा चर्च नक्की. बारावं यादीत राहील, पण नावापुढे प्रश्नचिन्हासह. नकाशा मात्र पूर्ण पान छापू, त्या म्हणाल्या, असं काम आता कुणी करत नाही.

काकांनी कुबडी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "ते प्रश्नचिन्ह जरा बारीक करता येईल का?"

"छापखान्यात सगळी एकाच मापाची असतात, श्रीयुत निकम."

"या," काका म्हणाले. जर्मनमध्ये ‘हो’ला ‘या’ म्हणतात, पण त्या दिवशी तो त्या प्रश्नचिन्हालाच आत बोलावल्यासारखा वाटला.

ग्रंथ निघायला तीन वर्षं गेली. तोवर माझे तडे संपले, म्युनिकला नोकरी लागली. प्रकाशनाचा छोटा समारंभ होता, त्याच संध्याकाळी माझी गाडी होती. पुढे दोन वर्षांनी काका गेले, तेव्हा मी कामासाठी मस्कतला होतो. वेळेवर पोचता आलं नाही. काकूंनी फोनवर मलाच समजावलं. म्हणजे त्या संध्याकाळी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

भाषणं झाली. काकांनी दोन मिनिटं बोलून एमिलचं बर्फाचं छप्पर सांगितलं आणि लोकांना हसवलं. वाइनचे पेले फिरले, माणसं पांगायला लागली. मी निरोप घ्यायला शोधतोय, तर काका कोपऱ्यातल्या टेबलापाशी. तिथं नव्या ग्रंथांची थप्पी होती, पन्नासेक प्रती. ते एकेक प्रत घेत, मधलं नकाशाचं पान उघडत, बघत, मिटून दुसऱ्या बाजूला ठेवत.

"काका, काय करताय?"

"बघतोय, सगळ्यात आलंय का. छापखान्याचा भरवसा नसतो. एखाद्यात पान राहून गेलेलं असायचं."

"यात आलंय ना?"

"ह्यात आलंय." पुढची उघडली. "ह्यातबी आलंय."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डाव्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली, इमारतींना मारत तशी, आणि उजव्या हातानं प्रत उघडीच ठेवली. "गाडी चुकवू नकोस, पळ." दारात काकू त्यांचा कोट हातावर घेऊन उभ्या होत्या. "अवो, चला की," त्या म्हणाल्या, "लोक दिवे घालवाय लागले."

"आलो, आलो. एवढ्या राहिल्यात."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कोट शेजारच्या खुर्चीवर ठेवला. घाई करण्यात अर्थ नव्हता. काकांनी पुढची प्रत घेतली, अंगठ्यानं पान शोधलं, आणि चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून, त्या खालच्या कोपऱ्यात बघायला लागले.